परतीची तार

आमच्या दारात उभी असलेली जुनी फियाट विकून टाकावी, असा सल्ला गेल्या दहा वर्षांत मला न मागता किती जणांनी दिला असेल, याची गणती करणे कठीण आहे. त्या सल्ल्यात वावगे काहीच नव्हते. गाडी म्हातारी झाली होती. तिचे सुटे भाग मिळवण्यासाठी जुन्या बाजारात खेटे घालावे लागत. आणि उन्हाळ्यात तिच्यात बसणे म्हणजे तापल्या तव्यावर बसण्यासारखेच होते. परंतु ती गाडी वडिलांनी घेतलेली. त्यांच्यामागे ती विकण्याचा विषय निघाला की शहाऐंशी वर्षांची माझी आई काही न बोलता आत निघून जाई. तेव्हा सल्ला देणाऱ्यांचे आभार मानून मी गाडी ठेवून घेतली होती.

गेल्या चैत्रात आईने जेजुरीला जाण्याची इच्छा बोलून दाखवली. "पायऱ्या काही आता चढवायच्या नाहीत. खालूनच हात जोडीन. पण जाईन तर ह्यांच्या गाडीतून जाईन," एवढेच ती म्हणाली. पुण्याहून जेजुरी ती काय दूर! पण त्या उन्हात, त्या गाडीतून, त्या वयाच्या माणसाला न्यायचे म्हणजे गाडीत गारव्याची काही सोय करणे भागच होते. म्हणून मी वातानुकूलनाची जुळणी बसवून देणाऱ्या एका कारागिराकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटे आत पाहिले आणि निकाल सांगितला, "पंप बसेल, पण बॅटरीच्या जागी बसेल. बॅटरी मागे डिकीत न्यावी लागेल. मधली तार तेवढी तुम्ही आणा, साहेब. जाड आणा."

बॅटरी डिकीत ठेवणे ही काही विपरीत कल्पना नव्हे. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या मिनी गाडीची बॅटरी मुळापासूनच डिकीत होती, आणि आजच्या काही गाड्यांतही ती तेथेच असते. इंजिनाच्या आचेपासून दूर राहिल्यामुळे बॅटरीचे आयुष्य वाढते, हा एक लाभही त्यात आहे. तेव्हा कारागिराच्या सूचनेत मला खटकण्यासारखे काही वाटले नाही. माझी सारी फजिती पुढे झाली ती त्याच्या शेवटच्या दोन शब्दांमुळे. "जाड आणा." जाड म्हणजे किती जाड?

अर्धवट शिकलेल्या माणसाला अशा वेळी जो एक धोका असतो, तो म्हणजे त्याला थोडेफार गणित येते. मी घरी येऊन विचार केला. गाडी सुरू करणारा स्टार्टर ही एक मोटर. तिची शक्ती दीड किलोवॅटच्या आसपास. आमच्या न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब दोन किलोवॅटचा. त्याची तार करंगळीहूनही कितीतरी बारीक असून वर्षानुवर्षे सुखाने काम करीत आहे. मग बंबाहून अशक्त असलेल्या या मोटरीला त्याहून जाड तार कशाला? तथापि, कारागिराचा मान राखावा म्हणून मी बंबाच्या तारेहून एक पायरी वरची, सहा चौरस मिलिमीटरची तार पाच मीटर घेतली, आणि आपण उधळपट्टी करीत आहोत की काय, अशी शंका मनात बाळगीतच ती त्याच्या हवाली केली. त्याने ती हातात घेऊन पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि खांदे उडवून बसवून टाकली. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, हे व्रत त्याने बहुधा फार पूर्वीच घेतले असावे.

संध्याकाळी किल्ली फिरवली. इंजिनाने एक दीर्घ सुस्कारा टाकला, अर्धा वेढा घेतला, आणि ते स्तब्ध झाले. पुन्हा फिरवली, पुन्हा तोच सुस्कारा. दिवे मंदावले. तारेला हात लावला तर ती कोमट लागली. बॅटरी नवी होती, भरलेली होती. डिकीत तिच्या टोकांवर मोजले तर दाब व्यवस्थित होता. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे आडात भरपूर होते, पण पोहऱ्यात येत नव्हते. दोष दोराचा होता.

त्या रात्री मी शाळेतले जुने ज्ञान झाडून बाहेर काढले. गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली आपल्या ग्रंथात जो नियम मांडला, तो आपण सर्वांनी पाठ केलेला असतो: तारेत जितका दाब गळतो तो प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका. ओमच्या देशबांधवांनी त्या ग्रंथाचे प्रथम फारच थंडे स्वागत केले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला १८४१ साली कॉप्ले पदक दिले, तेव्हा कोठे त्याच्या कामाचे चीज झाले. माझ्या बाबतीत त्याच्या नियमाला एवढा अवधी लागला नाही. एका संध्याकाळीच तो पटला.

बंबाला घरातली २३० व्होल्टची वीज मिळते. त्यामुळे दोन किलोवॅटसाठी त्याला नऊ अँपिअर प्रवाह पुरतो. गाडीच्या बॅटरीजवळ मात्र अवघे १२ व्होल्ट. आणि स्टार्टरचा भार पडला की तेही दहाच्या आसपास उतरतात. तेव्हा दीड किलोवॅटसाठी तिला दीडशे अँपिअर सोडावे लागतात. काम बंबाहून कमी, पण प्रवाह सोळा-सतरा पट! सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पाच मीटर तारेचा रोध एका ओमच्या सुमारे सत्तराव्या हिश्शाइतका असतो. हा आकडा इतका क्षुद्र दिसतो की कोणीही त्याकडे दुर्लक्ष करील. पण त्याला दीडशेने गुणले की दोन व्होल्टहून अधिक दाब वाटेतच जिरतो आणि तीनशेहून अधिक वॅट शक्ती तार तापवण्यात खर्च होते. दहा व्होल्टांच्या संसारात दोन व्होल्ट वाटखर्चाला जाणे म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा गाडीभाड्यात जाण्यासारखे आहे.

याच अडचणीवर आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर उपाय झालेला आहे. खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. एवढ्या अंतरावर ती नेताना दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवावा लागतो, म्हणजे प्रवाह कमी होतो आणि तारा आटोपशीर जाडीच्या चालतात. मोटारीच्या बिचाऱ्या बॅटरीला ही चैन परवडत नाही. तिचा दाब ठरलेला. तेव्हा तिला एकच मार्ग उरतो: अंतर वाढले की तार जाड करणे. बॅटरी इंजिनाच्या शेजारी असताना हातभर तारेवर भागत होते. आम्ही तिला घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, आणि त्या दुराव्याची किंमत तांब्याच्या रूपाने मोजणे आता आम्हाला प्राप्त होते.

किती मोजावी, याचा हिशेब मी कागदावर मांडला. दीडशे अँपिअर आणि पाच मीटर धरून १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.८ व्होल्ट गळतो, २५ च्या तारेत अर्धा व्होल्ट, आणि ३५ च्या तारेत ०.३७. स्टार्टरच्या वाटेवर अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती होऊ देऊ नये, असा जाणत्यांचा संकेत आहे. पंचविसाची तार काठावर उत्तीर्ण होत होती. थंडीच्या सकाळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवताना प्रवाह वाढणार, तारेच्या टोकांवरील जोडही काही खाणार, हे ध्यानी घेऊन मी पस्तिसाची निवडली. अमेरिकन मापाच्या तक्त्यात हीच तार साधारणपणे दोन क्रमांकाची ठरते. त्या मापात क्रमांक लहान तितकी तार जाड, ही उलटी रीत पाहून प्रथम मला हसू आले. पण तिला कारण आहे: पूर्वी तार साच्याच्या भोकातून जितक्या वेळा ओढून बारीक करीत, त्यावरून तिचा क्रमांक ठरे. अधिक वेळा ओढलेली ती अधिक बारीक.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. पहिल्याच दुकानात हवी तशी गुबगुबीत तार मिळाली, आणि तीही माझ्या अपेक्षेच्या निम्म्या किमतीत. खिशाला आनंद झाला. पण आदल्या दिवशीची फजिती ताजी असल्यामुळे मी तार हातावर तोलून पाहिली. जाडीच्या मानाने ती फारच हलकी वाटली. टोकाचा एक केस घेऊन ब्लेडने खरवडला, तर वरची तांबूस कांती निघाली आणि आतून ॲल्युमिनियमचा पांढरा रंग डोकावला. तांब्याचा मुलामा दिलेली ती ॲल्युमिनियमची तार होती. अशा तारेत वाईट काही आहे असे नव्हे. ती ती म्हणूनच विकली तर तिचीही जागा आहे. पण तांब्याच्या मानाने तिचा रोध दीडपटीहून अधिक, म्हणजे पंचविसाची घेतली तर काम सोळाचे व्हायचे. दुकानदाराला तो केस दाखवला तेव्हा तो मुळीच ओशाळला नाही. "दिसायला सारखीच ना, साहेब!" तो म्हणाला.

अखेर चौथ्या दुकानात शुद्ध तांब्याची तार मिळाली. वेल्डिंगवाले वापरतात तसली, शेकडो बारीक केसांची, वळवावी तशी वळणारी. केस बारीक असल्याने रोध कमी होतो, असा माझा समज होता तो दुकानातल्या मुलाने दूर केला. रोध ठरतो तो एकंदर तांब्यावरून. बारीक केसांचा लाभ असा की गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी तार मोडत नाही. टोकांना तांब्याचे जाड डोळे त्याने यंत्रात घालून दाबून बसवून दिले. पकडीने चेपलेला किंवा नुसता गुंडाळलेला जोड म्हणजे जाड तारेच्या शेवटी ठेवलेली बारीक तारच होय, हे त्याचे वाक्य मला फार आवडले.

याच मुलाने मला आणखी एक वस्तू घ्यायला लावली: दोनशे अँपिअरचा फ्यूज. "बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावा, पुढे इंजिनापाशी लावून उपयोग नाही," असे त्याने बजावले. मी कारण विचारले. तो म्हणाला, "फ्यूज मोटरसाठी नसतो, काका, तारेसाठी असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार उघड्यावर. तिला कोणी वाली नाही." ही तार गाडीच्या पत्र्यातून, बाकाखालून, माणसांच्या पायांखालून जाणार. पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले, तर बॅटरी आपले सारे बळ एका क्षणात त्या जागी ओतते; कित्येक शे अँपिअर वाहू लागतात, आणि तार लाल होऊन भोवतालचे सारे पेटते. मागच्या बाकावर आई बसणार होती. तार नेमकी तिच्या पायांखालून जाणार होती. मी फ्यूज घेतला, पत्र्यातील प्रत्येक भोकासाठी रबरी कडी घेतली, आणि तारेवर चढवायला नळीही घेतली. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीचा वायू डिकीच्या बाहेर नेणारी एक बारीक नळीही घ्यायला विसरलो नाही. एवढे सामान घेऊन घरी येताना आपल्याहून दक्ष मुलगा त्रिभुवनात नसेल, असे मला वाटत होते.

सारे बसवून झाले. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. पूर्वीइतके चपळ नव्हे, पण सुरू झाले खरे. दुसऱ्या सकाळी आईला मागच्या बाकावर बसवले. गाडी रात्रभर उभी असल्याने चोकचे बटण ओढून मी किल्ली फिरवली. इंजिन जड जड फिरू लागले. एक वेळ, दोन वेळ, तीन वेळ. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अरे, काय जळतंय?"

मी चोकचे बटण आत ढकलायला गेलो आणि हात झटकून मागे घेतला. बटणाची दांडी चटका बसण्याइतकी तापली होती, आणि तिच्या मागून धुराची एक बारीक रेघ निघत होती. त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिण्यात अर्थ नाही. आईला उतरवून घरात नेले, बॅटरीची तार सोडली, आणि पायरीवर बसून राहिलो. तार पस्तिसाची होती, तांब्याची होती. फ्यूज जागेवर होता आणि शाबूत होता. मग चोकची दांडी का जळावी?

वडिलांच्या वेळचे एक उस्ताद आमच्या पेठेच्या टोकाला अजून आहेत. हात थरथरतात म्हणून काम सोडले आहे. पण मी सांगायला गेलो तसे ते काठी टेकीत आले. बॉनेट उघडून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जायची तार आणलीत, यायची कुठे आहे?"

त्याचा उलगडा असा. वीज बॅटरीतून निघते, तशी ती बॅटरीत परतलीही पाहिजे. वेढा पुरा झाल्यावाचून ती एक पाऊलही टाकीत नाही. बॅटरी पुढे होती तेव्हा तिच्या ऋण टोकापासून एक आखूड तार थेट इंजिनाला बांधलेली होती. बॅटरी मागे नेताना ती तार काढली गेली आणि ऋण टोक डिकीच्या पत्र्याला जोडण्यात आले. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट, असा सर्वसाधारण रिवाज आहे, आणि तो चुकीचा नाही. परंतु इंजिन गाडीच्या सांगाड्यावर रबरी गाद्यांवर बसलेले असते. त्याला पत्र्याशी जोडणारा जो एक पट्टा होता, तो गंजून केवळ नावाला उरला होता. दीडशे अँपिअर इंजिनापर्यंत थाटात आले आणि परतण्यासाठी वाट शोधू लागले. त्यांना सापडली ती चोकची पोलादी तार: इंजिनापासून निघून चालकासमोरच्या पत्र्यापर्यंत येणारी, काडीएवढी बारीक. बिचारीने जमेल तितके ओझे वाहिले आणि वाहता वाहता ती तापली.

"पण फ्यूज?" मी विचारले.

"फ्यूजला जास्तीचा प्रवाह कळतो. वाट चुकलेला कळत नाही," उस्ताद म्हणाले.

त्यांनी मीटर मागवले. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंट्यावर, दुसरे इंजिनाच्या अंगावर, आणि मला क्षणभरच किल्ली फिरवायला सांगितले. काटा तीन व्होल्टच्या जवळ गेला. माझ्या त्या पस्तिसाच्या तारेवर तोच प्रयोग केला, तर ०.४. जाण्याच्या वाटेवर मी दोन दिवस, चार दुकाने आणि एवढा पैसा खर्च केला होता. परतीच्या वाटेचा विचार एका मिनिटापुरताही माझ्या मनात आला नव्हता. मग जी तार आणली होती तिच्याच जाडीची दुसरी आणली. डिकीतल्या पत्र्यावरचा रंग खरवडून धातू उघडा केला आणि बॅटरीचा जोड तेथे घट्ट आवळला. पुढे इंजिनापासून सांगाड्यापर्यंत नवा जाड पट्टा बांधला, आणि गंज चढू नये म्हणून दोन्ही जागी ग्रीस लावले. पुन्हा मोजले तेव्हा परतीची गळती ०.३ व्होल्ट निघाली. किल्ली फिरवताच इंजिनाने असा काही हुंकार दिला की आई घरातूनच म्हणाली, "हां, आता ह्यांची गाडी वाटते."

ही गोष्ट येथेच संपवता आली असती. पण त्या रात्री मला राहून राहून एक जुने दृश्य आठवत होते. माझ्या लहानपणी वडील दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोकणात आजीला मनीऑर्डर करीत. रक्कम मोठी नसे, पण ती कधी चुकली नाही. पैसे पाठवले म्हणजे त्यांचे कर्तव्य संपले, असे कोणीही म्हटले असते. परंतु त्यांचे तसे नव्हते. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा पोच म्हणून परत येई. त्यावर आजीचा अंगठा असे, आणि गावच्या पोस्टमनने तिच्या सांगण्यावरून कधी एखादी ओळ लिहिलेली असे. तो तुकडा हाती येईपर्यंत वडील अस्वस्थ असत. पोस्टमन आला की हातातले काम टाकून उठत, अंगठ्याचा ठसा उजेडात धरून पाहत आणि मग तो तुकडा एका डब्यात ठेवून देत. पैसे पोचले की नाहीत, ही काळजी त्यांना खचित नव्हती. त्या ठशातून त्यांना काय परत मिळत होते, हे तेव्हा मला कळले नाही.

उपमा फार ताणू नये. उस्तादांनी ऐकली तर ते हसतील. तांब्याला माया नसते आणि बॅटरीला आई नसते. तरीदेखील एक गोष्ट मला नाकारता येत नाही. गेली दहा वर्षे मी आईसाठी पुष्कळ केले. औषधे आणली, बाई ठेवली, चांगली खुर्ची आणली, आणि आता गाडीत गारवाही आणला. जे जे माझ्याकडून तिच्याकडे जायचे ते सारे चांगल्या जाडीचे, शुद्ध तांब्याचे होते. तिच्याकडून माझ्याकडे यायचे त्याला मी कोणती वाट ठेवली होती? ती काही सांगू लागली की मी वर्तमानपत्रावरून मान न काढता "हो, हो" म्हणत असे. मग तिचे बोलणे सापडेल त्या बारीक वाटेने बाहेर पडे: कामाच्या बाईपाशी कुरकुर करून, किंवा काही न बोलता आत निघून जाऊन. गाडी विकण्याचा विषय निघाला की ती उठून जाते, हे मी इतरांना कौतुकाने सांगत आलो. ती का उठून जाते, हे तिलाच विचारावे, असे मात्र मला कधी सुचले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही जेजुरीला गेलो. गारव्याचे यंत्र छान चालले. पण दिवे घाट चढताना आईने ते बंद करायला लावले आणि काच खाली केली. मग ती बोलू लागली. ह्याच वळणावर वडिलांनी गाडी थांबवून तिला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवले होते, चार हात गाडी चालवू दिली होती, आणि मुलांना सांगू नकोस म्हणून बजावले होते. शहाऐंशीव्या वर्षी ती हे मला प्रथमच सांगत होती. मी गाडीचा वेग कमी केला, आणि परतीच्या प्रवासात तेच वळण आले तेव्हा तिला पुन्हा एकदा सगळे सांगायला लावले.